फिरतीवर निघालेलं ईफे : योरुबा वारशाच्या प्रदर्शनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात राहणारी ओळखीची मंडळी एखाद्या संग्रहालयात आफ्रिकेच्या दालनात शिरली की फोटो पाठवतात आणि खाली प्रश्न टाकतात. ‘हे एवढं देखणं डोकं कुणाचं?’ ‘ब्राझीलमधल्या देवीचं नाव नायजेरियाच्या पाटीवर कसं?’ वर्षानुवर्षं तेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाची एका ठिकाणी लिहून काढली.

योरुबा म्हणजे नेमके कोण?

नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग, शेजारचा बेनिन देश आणि थोडा टोगो एवढ्या पट्ट्यात राहणारे, एक भाषा बोलणारे चार कोटींहून अधिक लोक. लागोस, इबादान, आबेओकुटा, ओशोग्बो ही त्यांची शहरं. पाटीवर ‘जमात’ असा शब्द दिसला तर तो मनातल्या मनात खोडा. शेकडो वर्षं शहरांत राहणाऱ्या, राजवाडे आणि बाजारपेठा उभारणाऱ्या चार कोटी माणसांना जमात म्हणायचं, तर मग आपणही जमातच.

त्यांचं एकच एक राज्य कधी नव्हतं. ईफे शहराच्या राजाला ऊनी म्हणतात, ओयोच्या राजाला आलाफिन. ईफे हे मूळपीठ. आकाशातून साखळी सोडून योरुबांचा मूळपुरुष ओडुडुवा खाली उतरला, पाण्यावर माती टाकली आणि पाच बोटांच्या कोंबड्याने ती उकरून पसरवली, तीच ही जागा, अशी कथा आहे. हे काम आधी ओबाताला या देवाकडे होतं, पण तो ताडी पिऊन झोपला म्हणून त्याच्या हातची संधी गेली, असंही काही ठिकाणी सांगतात.

गंमत म्हणजे ‘योरुबा’ हे सगळ्यांचं मिळून एक नाव रूढ झालं ते १९व्या शतकात, आणि त्यात घरापासून लांब गेलेल्यांचा वाटा मोठा होता. त्याआधी माणूस स्वतःला एग्बा म्हणे, इजेबू म्हणे, एकिती म्हणे. घरी असताना आपण सोलापूरकर, मालवणी, वऱ्हाडी असतो आणि अमेरिकेत उतरलो की सगळे नुसतेच मराठी होतो, तसंच काहीसं. फरक इतकाच की ही माणसं स्वखुशीने तिकीट काढून गेली नव्हती.

योरुबा कलेचं फिरतं प्रदर्शन खरंच कधी झालं आहे का?

झालं आहे, एकदा नव्हे. प्राचीन नायजेरियाच्या ठेव्याचं एक मोठं प्रदर्शन १९८० मध्ये डेट्रॉइटपासून निघालं आणि बरीच वर्षं फिरलं. पण फक्त ईफेला वाहिलेलं मोठं प्रदर्शन २००९ मध्ये स्पेनमधल्या सांतांदेरला उघडलं. तिथून माद्रिद, मग २०१० मध्ये लंडनचं ब्रिटिश म्युझियम, मग अमेरिकेत ह्यूस्टन, रिचमंड आणि इंडियानापोलिस. नायजेरियाच्या राष्ट्रीय संग्रहालय आयोगाने स्वतःच्या भांडारातून शंभराहून अधिक वस्तू त्यासाठी दिल्या होत्या. २०१० हे नायजेरियाच्या स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष, हाही योग जुळून आला.

त्या डोक्यांत एवढं काय आहे?

१९३८ साली ईफेमध्ये राजवाड्याजवळच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना धातूची डोकी निघाली. एक नाही, डझनभराहून जास्त. माणसाच्या डोक्याएवढी. ओठांची कड, कानाची पाळी, मानेवरच्या वळ्या, सगळं असं की समोर उभं राहिलं तर आपणच नजर खाली घेतो. काहींच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक उभ्या रेघा आहेत, काही अगदी गुळगुळीत. केसांच्या रेषेवर आणि ओठांभोवती भोकं दिसतात. तिथे मुकुट, दाढी किंवा मण्यांचा पडदा बसवत असावेत असा अंदाज आहे. साधारण १२व्या ते १५व्या शतकातलं हे काम.

पद्धत आपल्याला परकी नाही. मेणाची आकृती करायची, मातीने लिंपायची, भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. जुन्या संस्कृत शिल्पग्रंथांत याला मधूच्छिष्ट विधान म्हटलं आहे. ईफेच्या कारागिरांनी काही नमुने जवळजवळ शुद्ध तांब्यात ओतले आहेत आणि खरी कमाल तिथे आहे. शुद्ध तांबं साच्यात नीट वाहत नाही, बुडबुडे धरतं. जस्त किंवा कथील घातलं की काम सोपं होतं. तरी यांनी अवघड वाट धरली.

लिओ फ्रोबेनिअस हा जर्मन संशोधक १९१० मध्ये ईफेला आला आणि असलं एक डोकं पाहून त्याने निष्कर्ष काढला की हे बुडालेल्या अटलांटिसच्या लोकांचं काम असणार. समोर उभ्या असलेल्या माणसांच्या पूर्वजांनी हे केलं असेल हे काही त्याच्या पचनी पडलं नाही. ईफेमध्ये त्या काळी काचेचे मणीसुद्धा बनत होते. बाहेरून आणून नव्हे, तिथेच भट्टी लावून, हेही आता उत्खननातून पक्कं झालं आहे.

मग ही ब्राँझची आहेत की पितळेची?

बहुतेक पितळेच्या जवळची, काही तांब्याची. ‘ब्राँझ’ हा दालनातला सवयीचा शब्द आहे. भाजक्या मातीची डोकी तर संख्येने याहून कितीतरी जास्त आहेत आणि माझ्या मते जास्त जिवंत. गर्दी मात्र धातूपुढे होते.

‘बेनिन ब्राँझ’ म्हणजे हेच ना?

नाही. बेनिन हे एडो लोकांचं राज्य, योरुबांच्या पूर्वेला. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर जाळलं आणि राजवाड्यातल्या हजारो वस्तू उचलल्या. जर्मनीने २०२२ मध्ये मालकी परत दिली ती याच वस्तूंची. बेनिनची दंतकथा राजघराण्याचं मूळ ईफेशी जोडते, एवढं नातं आहे. त्यात भर म्हणजे आज बेनिन नावाचा देशही आहे. बेनिन शहर त्या देशात नाही, नायजेरियात आहे. पाटी वाचताना इथे भलेभले घसरतात.

ईफेच्या वस्तू परदेशात कशा गेल्या? सगळी लूटच का?

सगळी नाही, आणि म्हणूनच उत्तर सरळ देता येत नाही. फ्रोबेनिअसने ते अटलांटिसवालं डोकं, म्हणजे समुद्रदेव ओलोकुनचं मानलं जाणारं, जवळपास पळवलंच होतं. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी ते त्याच्याकडून परत घ्यायला लावलं. १९३८ च्या डोक्यांपैकी एक विकलं जाऊन १९३९ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पोचलं. दोन डोकी विल्यम बॅस्कम या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने विकत घेतली होती, ती त्याने १९५० मध्ये ईफेला परत केली.

आणि एक किस्सा असा की त्यात नक्की कोणी कोणाला गंडवलं ते ठरवणं कठीण. ओलोवे हा एकितीतला नावाजलेला लाकूडशिल्पी, १९३८ मध्ये वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने कोरलेला दरवाजा १९२४ मध्ये लंडनला वेम्ब्लीच्या साम्राज्य-प्रदर्शनात मांडला होता. ब्रिटिश म्युझियमला तो हवाहवासा वाटला. इकेरेच्या राजाने पैसे घेतले नाहीत, त्याबदल्यात ब्रिटिश बनावटीचं एक सिंहासन मागून घेतलं. दरवाजावर राजा आणि पालखीतून भेटीला आलेला गोरा अधिकारी असे दोघे कोरलेले आहेत. राजा ऐसपैस बसलेला, पाहुणा पालखीत अवघडलेला. बघाल तेव्हा या दोघांना शोधाच.

एवढ्या नाजूक वस्तू शहरोशहरी फिरतात कशा?

प्रत्येक वस्तूसाठी तिच्या मापाची खाच कापलेली पेटी असते. निघताना वस्तूची तपासणी होते, कुठे चीर आहे, कुठे रंग उडालाय याची फोटोंसह नोंद होते, आणि पोचल्यावर ती नोंद पुन्हा ताडून पाहतात. सोबत संग्रहालयाचा माणूस विमानात असतो, माल चढवताना धक्क्यावर उभा राहतो. नव्या शहरात पेटी लगेच उघडत नाहीत. आतल्या वस्तूला तिथल्या हवेची सवय व्हावी म्हणून साधारण एक दिवस तशीच ठेवतात. लाकडाला दमटपणातली चढउतार चालत नाही, धातूला दमटपणाच चालत नाही, आणि कापडाला उजेड. म्हणून कापडाच्या दालनात अंधार असतो. दिवे वाचवत नसतात ते.

मूळ वस्तूच असतात का, असंही विचारतात. मोठ्या प्रदर्शनात बहुधा मूळच. नक्कल असेल तर पाटीवर तसं लिहिलेलं असतं, वाचायची तसदी मात्र आपल्याला घ्यावी लागते.

ब्राझील आणि क्यूबाची दालनं यात का जोडतात?

कारण योरुबा वारशाचा मोठा भाग पेटीत बसून गेलाच नाही. तो माणसांबरोबर गेला, आणि त्या माणसांच्या हातात काहीही नव्हतं.

ओयोचं साम्राज्य १९व्या शतकाच्या सुरुवातीला आतून कोसळलं. १८३०च्या दशकात जुनी राजधानी ओस पडली. लढायांमागून लढाया झाल्या, युद्धकैदी किनाऱ्यावर विकले गेले. इतर अनेक भागांतून माणसं आधीच्या शतकांत नेली गेली होती. योरुबा मात्र गुलामांच्या व्यापाराच्या अखेरच्या टप्प्यात, फार मोठ्या संख्येने, आणि मुख्यतः दोनच ठिकाणी पोचले, ब्राझीलमधला बाहिया आणि क्यूबा. क्यूबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये, ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये. म्हणजे गुलामगिरी संपली तेव्हा ज्यांना आपलं गाव, आपली भाषा, आपल्या देवाची गाणी लख्ख आठवत होती असे लोक तिथे हयात होते. वारसा तिकडे इतका ठसठशीत का उरला, याचं मोठं कारण हे उशिरा येणं आणि एका जागी येणं.

क्यूबात त्यांना लुकुमी म्हणत, ब्राझीलमध्ये नागो, सिएरा लिओनमध्ये आकू. बाहियात त्यांनी कांदोम्ब्लेची, म्हणजे तिथे रुजलेल्या आपल्या धर्माची, देवळं उभारली. तिथल्या साल्वादोर शहरातलं ‘काझा ब्रांका’ हे त्यातलं एक अतिशय जुनं. १९८४ मध्ये ब्राझील सरकारने त्याला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण दिलं, त्या प्रकारच्या देवळांत ते पहिलं. याच साल्वादोरमध्ये जानेवारी १८३५ मध्ये गुलामांनी बंड केलं. त्यात पुढे होते मुसलमान योरुबा आणि हौसा. योरुबा म्हणजे फक्त ओरिशांचे, म्हणजे त्यांच्या पारंपरिक देवदेवतांचे, पूजक असं समजून चालू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

पाण्याची देवी येमोजा तिकडे इएमांजा झाली. दर २ फेब्रुवारीला साल्वादोरच्या किनाऱ्यावर हजारो लोक तिच्यासाठी फुलं, अत्तर, आरसे होड्यांतून समुद्रात सोडतात. मूळची ती ओगुन नदीची देवी. समुद्र ओलांडावा लागलेल्यांनी तिला समुद्र दिला.

शांगोची मूर्ती मागितली तर ख्रिस्ती संताचं चित्र का दाखवतात?

क्यूबात विजेचा देव शांगो हा सांता बार्बराच्या रूपात पुजला जातो. होय, पुरुष देव आणि स्त्री संत. दोघांचा रंग लाल, आणि वीज कोसळण्याशी दोघांचं नातं, तेवढं पुरलं. नदीची देवी ओशुन ही कोब्रेची माता, येमाया (म्हणजे आपली येमोजाच) ही रेग्लाची माता; दोन्ही मेरीमातेची रूपं. पुस्तकांत लिहितात की मालकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला हा मुखवटा घेतला. ते खरं आहे, पण अर्धंच. कित्येक घरांत आज दोघांनाही मनोभावे दिवा लावतात. उलट बाजूही आहे. १९८३ मध्ये साल्वादोरच्या काही मान्यवर पुजारिणींनी जाहीर केलं की ओरिशा हे ओरिशा आहेत, संत नव्हेत, ही सरमिसळ आता पुरे.

गेलेल्यांपैकी कोणी परत आलं का?

हो, आणि हा भाग बहुतेक प्रदर्शनांत एका भिंतीवर उरकतात. ब्राझीलमधून सुटका मिळवलेली कुटुंबं १९व्या शतकात लागोसला परतली. त्यांना आगुदा म्हणत. येताना गवंडीकाम, सुतारकाम आणि शिवणकाम शिकून आली, लागोस बेटावर रंगीत नक्षीची दुमजली घरं बांधली. त्या ब्राझिलियन वस्तीत डिसिल्वा, परेरा, डिकोस्टा ही आडनावं आजही सापडतात, वसई किंवा मडगावच्या वाचकाला क्षणभर आपल्या गल्लीत आल्यासारखं वाटेल. पोर्तुगीजांनी दोन्हीकडे एकच पिशवी रिकामी केली. गुड फ्रायडेला हे लोक ‘फ्रेजॉन’ करतात, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवून घोटलेली कडधान्याची लापशी. शब्द पोर्तुगीज, नारळ तर आपल्याही ओळखीचा.

दुसरी वाट सिएरा लिओनची. आजायी नावाच्या मुलाला १८२१ मध्ये पकडून विकलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश नौदलाने ते जहाज अडवलं आणि त्याला फ्रीटाउनला उतरवलं. तोच सॅम्युएल आजायी क्राउदर. त्याने योरुबाचा शब्दसंग्रह आणि व्याकरण छापलं, बायबल योरुबात आणण्याचं काम केलं, आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला.

इफा म्हणजे आपल्यासारखी पत्रिका का?

नाही. इफा ही कौल घेण्याची योरुबा रीत, तीत जन्मवेळ विचारत नाहीत. इफाचा पुजारी बाबालावो, म्हणजे गुपितांचा धनी, पामच्या सोळा बिया एका हातातून दुसऱ्या हाताने झटक्यात उचलतो. हातात एक उरली की दोन रेघा, दोन उरल्या की एक रेघ, अशा खुणा लाकडी पाटावरच्या पिठीत उमटवतो. त्यातून २५६ पैकी एक ‘ओडू’ निघतो. प्रत्येक ओडूखाली अनेक कवनं असतात, ती त्याला तोंडपाठ. तो ती म्हणत जातो, आणि आपल्या अडचणीला लागू पडणारं कवन विचारणाऱ्याने ओळखायचं. मला यातली ही शेवटची गोष्ट फार आवडते. युनेस्कोने २००५ मध्ये इफाला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान दिला. काचेआड दिसतो तो नुसता पाट. ग्रंथ डोक्यात असतो, तो मांडता येत नाही.

आणि त्या कवड्या? तुळजापूरच्या माळेसारख्या दिसतात.

दिसतात कारण त्याच आहेत. पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चाललेल्या कवड्या मोठ्या प्रमाणात मालदीवच्या. हिंदी महासागरातून युरोपीय जहाजांत भरायच्या, अ‍ॅम्स्टरडॅम-लंडनला जायच्या, तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आणि त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. आराधी गळ्यात घालतात ती कवडी आणि ती कवडी एकाच समुद्रातली. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण किती सहज वापरतो.

योरुबा हिशोबात ४० कवड्यांची एक सर, ५० सरांचं एक ‘डोकं’, म्हणजे २,०००, आणि १० डोक्यांची गोणी. सोळा कवड्या टाकून कौल घेण्याची रीतही आहे. तिचं नाव मेरिंदिनलोगुन, म्हणजे ‘वीसला चार कमी’. आपण एकोणीस म्हणताना जे करतो तेच, फक्त ते लोक पाचपर्यंत मागे जातात. क्यूबात हेच नाव घासून ‘दिलोगुन’ झालं.

जोडीच्या लाकडी बाहुल्या खेळण्यातल्या आहेत का?

अजिबात नाही. त्या ‘एरे इबेजी’. योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक मानल्या गेलेल्यांपैकी आहे. जुळ्यातलं एक बाळ दगावलं तर त्याची मूर्ती कोरून घेत. आई तिला न्हाऊ घाली, तेल लावी, खाऊ भरवी. काही बाहुल्यांचे डोळे-नाक झिजून सपाट झालेले दिसतात, ते वर्षानुवर्षांच्या धुण्यापुसण्याने. जुळ्यांची नावं ठरलेली, ताइवो आणि केहिंदे. ताइवो आधी बाहेर येतो पण धाकटा मानतात, कारण थोरल्या केहिंदेने त्याला ‘जा, जग कसं आहे चाखून ये’ म्हणून पुढे पाठवलेलं असतं.

महाराष्ट्रातले, गोव्यातले सिद्दी योरुबा आहेत का?

नाहीत. जंजिऱ्याचे सिद्दी काय, गोवा-कारवारकडचे काय, त्यांची मुळं आफ्रिकेच्या पूर्व बाजूची. योरुबा पश्चिमेचे. मध्ये अख्खा खंड आहे. ‘आफ्रिका’ हा एक शब्द आपल्याला फार आळशी करतो.

मुखवटे बघून फारसं काही वाटलं नाही. माझंच चुकलं का?

मांडणीचंही चुकतं. गेलेडेचा मुखवटा घ्या. आयाबायांच्या शक्तीला मान देण्यासाठी पुरुष तो घालून नाचतात. तो तोंडावर नसतो, टोपीसारखा डोक्यावर असतो, खालून जाळीदार कापड सुटलेलं असतं. दालनात तो नजरेच्या उंचीवर टांगतात. कापड नाही, ढोल नाही, धूळ नाही. एखाद्याने नुसता घुंगरांचा चाळ भिंतीवर टांगून ‘ही लावणी’ म्हणावं, तसं ते आहे. ध्वनिफीत लावलेली असेल तर कानाला लावा. योरुबा भाषेत स्वराच्या तीन पट्ट्या आहेत. ‘ओको’ हा एकच उच्चार चढउतारानुसार नवरा, कुदळ, भाला किंवा होडी होतो. डमरूसारखा मध्ये आवळलेला बोलका ढोल दोऱ्या दाबून तेच चढउतार काढतो, म्हणून तो खरोखर वाक्यं बोलतो. बाटा ढोल तर क्यूबात पोचले आणि तिथे आजही तिघांच्या संचात वाजतात.

आज नायजेरियात हे सगळं कोणी मानतं का?

बहुतेक योरुबा आज ख्रिस्ती किंवा मुसलमान आहेत, कित्येकदा एकाच घरात दोन्ही. तरी लोखंडाचा देव ओगुन गाडी चालवणाऱ्यांचा आणि लोहारांचा पाठीराखा आहेच, आणि पारंपरिक धर्माचा माणूस कोर्टात लोखंडावर हात ठेवून शपथ घेऊ शकतो. खंडेनवमीला गाडीला हार घालणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. ओशोग्बोला ओशुनच्या देवराईत दर ऑगस्टमध्ये उत्सव भरतो. २००५ पासून ती देवराई जागतिक वारसा यादीत आहे. तिथली बरीच शिल्पं सुझान वेंगर या ऑस्ट्रियन बाईंनी स्थानिक कारागिरांबरोबर केली. त्या तिथेच दीक्षित झाल्या आणि २००९ मध्ये तिथेच वारल्या.

प्रदर्शन निघून गेलं असेल तर कुठे बघायचं?

लागोसला ओनिकान भागात राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि योरुबा संस्कृतीसाठीचं जॉन रँडल केंद्रही. ईफेला राजवाड्यालगत संग्रहालय आहे. साल्वादोरच्या आफ्रो-ब्राझिलियन संग्रहालयात कारिबे या चित्रकाराने लाकडात कोरलेले ओरिशांचे मोठे फलक आहेत, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. अमेरिकेत असाल तर साउथ कॅरोलायनात १९७० मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांनी वसवलेलं ओयोटुंजी नावाचं छोटं योरुबा गाव आहे.

मुलं कंटाळतात. घरी काही करता येईल का?

आकारा करा. चवळी भिजवून तिची सालं काढायची, कांदा आणि मिरची घालून वाटायची, भरपूर फेटून तळायची. नायजेरियात हा सकाळचा नाश्ता. साल्वादोरमध्ये पांढऱ्या झग्यातल्या बाया हाच वडा पामच्या लाल तेलात तळून, मध्ये चिरून, कोळंबी भरून विकतात. तिथे तो आकाराजे. मूळचा तो यान्सां या वाऱ्याच्या देवीचा नैवेद्य. आपल्याकडे पामचं तेल नसेल तर शेंगदाण्याचं चालेल. सालं काढायचा मात्र आळस करू नका, नाहीतर तो फुगत नाही आणि मग मुलं म्हणतात, हा तर आजीचा डाळवडा, बिघडलेला.